मुठीतला काजवा : खेळण्यातल्या दिव्याचा बोर्ड आम्ही कसा आखला



आज ज्या वस्तूबद्दल बोलायचं आहे ती माझ्या समोर टेबलावर ठेवली आहे. रेडिओवर तुम्हाला ती दिसणार नाही, म्हणून सांगते. आंब्याच्या लाकडाचा एक काजवा आहे. चार बोटांपेक्षा लांब, वितीपेक्षा आखूड. पाठ काळी, डोकं तांबूस, आणि शेपटीकडचा भाग दुधी प्लास्टिकचा. पोटाखाली बटण आहे. ते दाबून धरलं की शेपटीत हिरवट पिवळा उजेड डावीकडे-उजवीकडे लुकलुकतो. बटण सोडलं की बंद.

आपल्या अकोले तालुक्यात मे महिन्याच्या शेवटी काजवे निघतात, ते पाऊस नीट धरेपर्यंत असतात. भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरून येतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकतात, ते बघायला. आणि दरवर्षी आपण काय बघतो? लहान मूल हट्ट धरतं, आणि बाप एक काजवा पकडून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घालून देतो. सकाळी बाटली रस्त्याच्या कडेला पडलेली असते आणि आतला किडा मेलेला. आमच्या गटातल्या एक मावशी बैठकीत म्हणाल्या, "त्या पोरांना पेटणारा लाकडाचा काजवा दिला तर?" तिथून हे काम सुरू झालं.

मी बीए आहे, तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. म्हणून हे सगळं मला जसं समजलं तसंच सांगते. त्यात आमच्या चुका पुष्कळ आहेत, त्याही सांगते, कारण बोर्ड कसा आखायचा हे आम्ही चुकांमधूनच शिकलो.

पहिला प्रयोग चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीवर केला. एलईडीचे दोन पाय बॅटरीला टेकवले. क्षणभर झगझगीत उजेड पडला, जळका वास आला आणि दिवा कायमचा गेला. दुकानदाराने सांगितलं, "ताई, नाण्यासारखा सेल वापरा, त्याला काही लागत नाही." तो म्हणजे सीआर २०३२. घड्याळात, गाडीच्या रिमोटमध्ये असतो तो चपटा सेल. रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि तीन व्होल्ट. त्याच्या दोन बाजूंना एलईडीचे दोन पाय टेकवले की दिवा लागतो आणि जळत नाही. का जळत नाही, ते तेव्हा माहीत नव्हतं. हा सेल मुळात जास्त प्रवाह देऊच शकत नाही, त्यामुळे दिवा वाचतो.

म्हणजे बोर्डाचीही गरज नाही. सेल, दिवा, बटण, झालं. आम्ही चाळीस काजवे केले. सुतारदादांनी लाकूड पोखरून दिलं, आम्ही रंगवलं, सेल आत ठेवून वर लाकडाची चकती चिकटवली. चकती डिंकाने चिकटवली होती, एवढं लक्षात ठेवा.

हंगामाच्या आठ दिवस आधी गटातल्या एकीच्या घरी तिच्या दीड वर्षाच्या नातवाने काजवा ओट्यावरून खाली टाकला. चकती निघाली. काकू चुलीवरचा तवा उतरवून वळल्या, तर पोराच्या हातात सेल आणि हात तोंडाशी. त्यांनी बोट घालून तोंड तपासलं, सेल हिसकावून घेतला. पोराला काही झालं नाही. काकूंनी मला फोन केला तो हसतच, गंमत सांगावी तसा. मी ती गोष्ट आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना सहज सांगितली. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी सांगितलं ते आधी सांगते, बोर्ड नंतर. असा चपटा सेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकू शकतो. तिथे ओलावा असतोच, त्यातून सेलचा प्रवाह सुरू होतो आणि सेलच्या ऋण बाजूला तीव्र क्षार तयार होतो. तो मांस भाजतो. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, नळीला भोकही पडू शकतं. सेल "उतरलेला" असला तरी धोका असतो, कारण रिमोट चालवायला पुरत नसला तरी भाजायला पुरेल एवढी वीज त्यात उरलेली असते. आणि मूल लगेच रडेलच असंही नाही. लाळ गळणं, खोकला, खायला नको म्हणणं, उलटी, अशी साधी दिसणारी लक्षणं असतात. कधी काहीच दिसत नाही.

तसा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. उलटी करवू नका. सकाळपर्यंत वाट बघू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल, त्याला गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तास झालेले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्याने इजा कमी होते. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नका, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका.

ते ऐकून आम्ही चाळीसच्या चाळीस काजवे परत गोळा केले. त्या हंगामात एकही विकला नाही. गटाचे सहा हजार रुपये त्यात अडकले होते आणि बैठकीत शब्दाला शब्द लागला. "शहरातल्या दुकानात असली खेळणी ढिगाने मिळतात, आपणच का घाबरायचं?" असं एकीने विचारलं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्यांच्या नातवाच्या हातातून सेल काढला होता त्या काकू म्हणाल्या, "मी माझ्या हाताने हे दुसऱ्याच्या पोराला देणार नाही." मग पुढे कोणी वाद घातला नाही.

आता बोर्डाकडे येते.

नाण्यासारखा सेल काढून टाकला की काय घालायचं? आम्ही पेन्सिल सेलपेक्षा बारीक, रिमोटमध्ये असतात ते दोन ट्रिपल-ए सेल घेतले. हा सेल साडेचार सेंटिमीटरच्या जवळपास लांब आणि एक सेंटिमीटरहून थोडा जास्त जाड असतो. तो लहान मुलाला चपट्या सेलसारखा सहज गिळता येत नाही. एक सेल दीड व्होल्टचा, दोन एकापुढे एक जोडले की तीन व्होल्ट. पण हे सेल त्या चपट्या सेलसारखे गरीब नाहीत, मागाल तेवढा प्रवाह देतात. म्हणजे आता दिव्याला आवर घालणारं काहीतरी हवं. त्यासाठी बोर्ड आला.

बऱ्याच जणींना वाटतं, आधी बोर्ड करायचा आणि मग तो खेळण्यात बसवायचा. आम्ही उलटं केलं. पाच वर्षांच्या मुलाची मूठ कागदावर काढली. मुठीत मावेल असा काजवा काढला. त्यात सेलचा डबा ठेवून बघितला, तो साडेपाच सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद होता. तो पुढे, छातीकडे गेला. बटण अंगठ्याखाली येईल तिथे. दिवे शेपटीत, कारण खरा काजवाही पोटाच्या टोकालाच पेटतो. एवढं झाल्यावर जी जागा उरली ती बोर्डाची : ३५ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद. ब्लाऊज बेतताना आपण आधी माप घेतो आणि मग कापड कापतो, तसंच हे.

दिव्याचा रंग ठरवताना एक गोष्ट कळली, ती दुकानात कोणी सांगत नाही. हिरवा एलईडी दोन जातींचा मिळतो. एक पाचूसारखा गडद हिरवा, तो पेटायला तीन व्होल्टच्या आसपास लागतात. दुसरा जुन्या जातीचा, पोपटी पिवळसर, तो साधारण २.१ व्होल्टवर पेटतो. आपल्याकडे एकूण तीनच व्होल्ट. सेल जरा उतरले की पहिल्या जातीचा दिवा विझणार. दुसरा बराच काळ तग धरतो. आणि नशीब असं की खऱ्या काजव्याचा रंग या दुसऱ्याशीच जास्त जुळतो. पांढरा आणि निळा एलईडीही तीन व्होल्टच्या घरातलेच, म्हणून दोन सेलच्या खेळण्यात ते घेऊ नका. लाल, पिवळा, पोपटी चालतील.

आता आवर घालणारा भाग, तो म्हणजे रेझिस्टर. पाटाच्या पाण्याला आपण दारं धरतो, वाफ्याला सोसेल एवढंच पाणी आत सोडतो, तसं त्याचं काम. हिशेब सोपा आहे. तीन व्होल्टमधून दिव्याचे २.१ वजा केले, ०.९ उरले. दिव्याला साधारण नऊ मिलिअँपिअर, म्हणजे ०.००९ अँपिअर द्यायचे. ०.९ ला ०.००९ ने भागलं की १०० येतात. म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर. त्यावर तपकिरी, काळा, तपकिरी असे पट्टे असतात. हा दिवा वीस मिलिअँपिअरपर्यंत सोसतो, आपण निम्म्यावर ठेवला. उजेड पुरतो आणि सेलही टिकतात. पहिला दिवा का जळला होता ते मला हा भागाकार करताना कळलं. तिथे वजाबाकीनंतर जवळजवळ सात व्होल्ट उरत होते आणि अडवायला काहीच नव्हतं.

दोन दिवे असतील तर दोन रेझिस्टर. एकाच रेझिस्टरवर दोन दिवे लावून एक रुपया वाचवायचा मोह होतो. पण एकाच जातीचे दोन दिवेही अगदी सारखे नसतात. एक जास्त प्रवाह ओढतो, दुसरा मंद राहतो.

लुकलुकणं कसं आणायचं? यासाठी फार जुनं आणि सोपं सर्किट आहे. दोन ट्रान्झिस्टर आणि दोन कपॅसिटर. ट्रान्झिस्टर म्हणजे पुन्हा दारंच, पण असं की त्याच्या मधल्या पायाला चिमूटभर प्रवाह दिला की बाकीच्या दोन पायांमधून मोठा प्रवाह सुटतो. आम्ही बीसी ५४७ घेतला, तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. कपॅसिटर म्हणजे लहानसा रांजण, भरतो आणि रिता होतो. दोघी जणी एका उखळात कांडतात तेव्हा काय होतं ते आठवा. एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर. दोन्ही एकदम खाली येत नाहीत. इथे डावा ट्रान्झिस्टर चालू झाला की तो आपल्या कपॅसिटरमधून उजव्याला बंद पाडतो. तो कपॅसिटर हळूहळू भरतो, तेव्हा उजवा चालू होतो आणि डाव्याला बंद पाडतो. हे चालूच राहतं. किती वेगाने, ते रांजण केवढा आणि त्यात पाणी केवढ्या धारेने पडतं यावर. आम्ही ४७ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि ते भरायला २२ किलोओहमचे रेझिस्टर घेतले, लाल, लाल, नारिंगी पट्ट्यांचे. एक बाजू साधारण अर्धा सेकंद पेटते, मग दुसरी. आधी १० मायक्रोफॅरड लावून बघितले होते, तर काजवा लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखा फडफडायला लागला.

म्हणजे बोर्डावर दहा भाग : दोन दिवे, दोन ट्रान्झिस्टर, दोन कपॅसिटर, चार रेझिस्टर. अकरावं बटण.

आता बोर्ड आखायचा, आणि इथे आमच्या बायकांनी मला मागे टाकलं. या भागांच्या पायांमधलं अंतर साधारण २.५४ मिलिमीटरच्या पटीत धरलेलं असतं, म्हणजे इंचाचा दहावा भाग. तेवढ्या अंतराचे ठिपके कागदावर काढले की झाली ठिपक्यांची रांगोळी. भागाचे पाय ठिपक्यांवर बसतात आणि रेषा म्हणजे तांब्याची वाट. नियम एकच, दोन वेगळ्या वाटांनी एकमेकींना छेदायचं नाही. छेदलं की तिथे वीज एकीतून दुसरीत जाणार. पण हे सर्किट कागदावर काढलं की मधोमध फुली येतेच, कारण डावीकडचा कपॅसिटर उजवीकडे जातो आणि उजवीकडचा डावीकडे. मी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. चौथी शिकलेल्या एक आक्का शेजारी बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हा कपॅसिटर वरून जातो ना? मग त्याच्या पोटाखालून रेघ जाऊ दे की." बरोबर होतं. भाग बोर्डाच्या वरच्या बाजूला बसतात, तांबं खालच्या बाजूला असतं. दोन पायांवर उभा असलेला भाग म्हणजे पूलच, त्याच्या खालून दुसरी वाट नेता येते.

वाटा आम्ही एक मिलिमीटर रुंद ठेवल्या. प्रवाहाला एवढी रुंदी लागत नाही, पण हाताने काढायचं तर बारीक रेघ तुटते. बोर्डाच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडली. सेलकडून येणाऱ्या दोन वायरींसाठी प्रत्येकी एक जास्तीचं भोक ठेवलं. वायर आधी त्या भोकातून ओवायची आणि मग सोल्डर करायची, म्हणजे वायरीला हिसका बसला तर तो सोल्डरवर येत नाही. सुई-दोऱ्याचं काम करणाऱ्यांना हे लगेच पटतं, टाका मारल्यावर आपण दोरा एकदा गुंतवतो तसं. चाळीसातल्या निम्म्या काजव्यांची वायर तिथेच तुटायची, या एका भोकाने ते थांबलं.

आणि मग ती मोठी चूक. आम्ही नकाशा वरून बघितल्यासारखा काढला, म्हणजे भाग जसे दिसतात तसा, आणि तोच जसाच्या तसा तांब्याच्या बाजूवर मार्करने उतरवला. तांबं खाली असतं. खालून बघताना डावं उजवं होतं. कापडाच्या उलट्या बाजूला खूण केल्यावर बाही उलटी निघते, तसे आमचे दहाच्या दहा बोर्ड आरशातले निघाले. एकही पेटला नाही. वाया मात्र गेले नाहीत. बीसी ५४७ ची चपटी बाजू आपल्याकडे धरून पाय खाली केले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे तीन पाय येतात. बेस मधोमध आहे, त्यामुळे ट्रान्झिस्टर फिरवून चपटी बाजू पलीकडे केली की क्रम उलटतो आणि उलट्या बोर्डावर तो बरोबर बसतो. ते दहाही काजवे पेटले. पुढच्या वेळी आम्ही नकाशाचा कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरून मागून रेघा काढल्या.

मार्करने आखलेली तांब्याची पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवली की उघडं तांबं विरघळतं आणि शाईखालचं राहतं. पातेलं प्लास्टिकचंच घ्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे पाणी अजिबात घालू नका, भांड्याला खातं आणि तापतं. हातात मोजे, डोळ्यांना चष्मा, आणि साडीवर पडलं तर तो तपकिरी डाग जन्मभर. खरा प्रश्न उरलेल्या पाण्याचा असतो. त्यात तांबं उतरलेलं असतं, ते ओढ्यात, मोरीत किंवा शेताच्या बांधावर ओतायचं नाही. आमच्याकडे दोन बाटल्या झाकण लावून, चिठ्ठी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या आहेत आणि त्यांचं नीट काय करायचं याची चौकशी चालू आहे. त्यामुळे माझं मत असं झालं की शिकण्यासाठी दहा बोर्ड घरी करावेत, विक्रीसाठी बाहेरून करून घ्यावेत. गटातल्या एकीची मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिने आमची रांगोळी कायकॅड नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर काढली आणि पन्नास बोर्ड पुण्याहून करून आणले. त्यात आरशाची भानगडही राहत नाही, कोणती बाजू वरची हे प्रोग्रॅमच सांभाळतो.

सोल्डरिंग आम्हीच करतो. दुकानात मागितलं की साधारणपणे ६०-४० ची तार देतात. त्यात साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असतं. ती लवकर वितळते, काम सोपं होतं. पण शिसं लहान मुलाच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला वाईट, आणि आपण तर खेळणंच करतोय. म्हणून बिनशिशाची तार घेतली. ती महाग आहे आणि तिला उष्णता जास्त लागते, सुरुवातीला डाग ओबडधोबड यायचे. खिडकी उघडी ठेवून बसतो, कामाच्या टेबलावर भाकरी नाही, चहा नाही, आणि उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय घरच्या मुलाला उचलायचं नाही.

दिव्याचा लांब पाय धन बाजूचा. पाय कापल्यावर कळेनासं होतं, तेव्हा दिव्याच्या खालच्या कडेला एका बाजूला चपटेपणा असतो तो बघा, ती ऋण बाजू. कपॅसिटरवर ज्या बाजूला पट्टा असतो ती ऋण. दिव्याचं टोक बारीक पॉलिश पेपरने घासून घेतलं की उजेड डोळ्यात टोचत नाही, पसरतो.

सेलच्या डब्याचं झाकण आता स्क्रूने बंद होतं. डिंक नाही, खटकादेखील नाही. नखाने किंवा पैशाच्या नाण्याने उघडणार नाही असा स्क्रू घेतला, आणि तो झाकणातून निघून खाली पडणार नाही अशी मागून रबराची चकती बसवली, कारण सुटा स्क्रूही तोंडात जातो. तयार झालेला प्रत्येक काजवा कंबरेच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर दहा वेळा टाकतो. झाकण निघालं, दुधी प्लास्टिक तडकलं किंवा दिवा लागेनासा झाला तर तो बाजूला. पहिल्या पन्नासात सात बाजूला गेले, सगळे प्लास्टिकमुळे. मग प्लास्टिक खाचेत बसवायला लागलो.

बटण दाबून धरलं तरच पेटतं, असं का, हे एका दुकानदाराने विचारलं. कारण मुलं खेळणं चालू ठेवून झोपतात. चांगल्या अल्कलाईन ट्रिपल-ए सेलमध्ये हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास वीज असते आणि आपला काजवा नऊ-दहा मिलिअँपिअर घेतो. हिशेबाने शंभर तास येतात, पण सेल उतरेल तसा उजेड मंद होत जातो, म्हणून मी गिऱ्हाईकाला पन्नासच सांगते. स्वस्तातल्या साध्या सेलवर त्याहूनही कमी.

आता कायद्याचं. खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यावर आयएसआय मार्क लागतो, आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे वेगळं मानक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या वस्तूंना या आदेशातून सूट आहे. आम्हाला एकाने सल्ला दिला होता की डब्यावर "शोभेची वस्तू" असं छापा आणि मोकळे व्हा. आम्ही तसं केलं नाही. डब्यावर काहीही छापलं तरी तो काजवा मुलाच्याच हातात जाणार आहे. कारागीर ओळखपत्रासाठी आमच्या सहा जणींनी आणि सुतारदादांनी अर्ज केले आहेत. दिवा घातलेली लाकडी वस्तू त्या सुटीत धरतात का, हे आम्ही जिल्हा उद्योग केंद्राकडे लेखी विचारलं आहे. लेखी उत्तर येईपर्यंत काजवे विकायचे नाहीत असं ठरलं आहे. तयार त्रेचाळीस नग पत्र्याच्या पेटीत आहेत, सेल काढून.

खर्च सांगते, कारण मीटिंगला पहिला प्रश्न तोच येतो. बोर्ड आणि त्यावरचे भाग पन्नास रुपये, सेलचा डबा आणि बटण वीस, दोन सेल तीस, लाकूड आणि सुतारकाम साठ, रंग, प्लास्टिक आणि स्क्रू पंचवीस. एकशे पंच्याऐंशी झाले, आपली मजुरी वेगळी. एका नगाला साधारण पाऊण तास लागतो. चपट्या सेलचा काजवा एकशे पन्नासात व्हायचा. हा पस्तीस रुपयांचा फरक गिऱ्हाईकाला समजावून सांगता येतो का, ते दुकान मांडल्यावर कळेल.

ठिपक्यांचा नकाशा, भागांची यादी आणि पालथा कागद अशा तिन्हींच्या झेरॉक्स मी प्रभाग संघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्या गटाला हव्यात त्यांनी घेऊन जा. आणि घरी गेल्यावर रिमोट, वजनकाटा, गाणारं भेटकार्ड, देवघरातला सेलवरचा दिवा, यातला कोणता चपट्या सेलवर चालतो आणि त्याचं झाकण कसं बंद होतं, ते एकदा उघडून बघा. माझ्या घरी दोन निघाले. एकाचं झाकण नुसतं सरकवायचं होतं, त्याला मी चिकटपट्टी लावून ते माळ्यावर ठेवलं आहे.